तिसरा कप

ओहायोतल्या आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये माझ्याबरोबर भांडी घासणाऱ्या सेलाम या विद्यार्थिनीनं पहिलं क्रेडिट कार्ड कापडात गुंडाळून बॅगेत ठेवलं होतं. “एकदाही वापरलं नाही, लोरेटाबाई,” ती अभिमानानं म्हणाली. इथिओपियात तिच्या वडिलांनी जन्मात उधारी केली नव्हती. मी हसले. “वेडे, उधार घेऊन फेडल्याशिवाय बँकेला तुझी पत कशी कळणार? इथे घरमालकही पत बघतात, उद्या घर भाड्यानं कोण देईल? काहीतरी छोटं घे, वेळेवर फेड.” विद्यार्थी व्हिसामुळे तिला कॉलेजबाहेर कामाला बंदी, पगार बेताचा, वाटलं, हातमोजे घेईल. दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर तिनं मला खुर्चीत बसवलं. कार्डावर आणलेल्या कॉफीबिया भाजल्या, कुटल्या, उकळल्या. दोन कप पिऊन मी उठू लागले. “आमच्याकडे तिसरा कप आशीर्वादाचा. त्याशिवाय उठायचं नाही.” मग हळूच म्हणाली, “आता बँक विश्वास ठेवेल?” “बँकेला वेळ लागतो,” म्हणत मी कप पुढे केला.