हेराची माफी

"बाबा, त्या पहिल्या सिनेमातली थप्पड तुम्ही आईला खरीखुरी मारली होती का?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. तो जुना हेरपट सगळ्यांनी मिळून पाहिला होता. त्यात हेर टेलिफोनवालीच्या कानशिलात देतो आणि ती अशी किंचाळते, की पोरींचं खाणं थांबलं. हेराला आवाज बाबांचा, टेलिफोनवालीला आईचा. "ही अ‍ॅक्टिंग नाही गं," एक जण म्हणाली होती.

विचारलं तेही कुठं, तर भर डबिंग स्टुडिओत, काचेच्या अलीकडून, आतल्या माणसाशी बोलायचं बटण दाबून. घरच्यांनी तिचं नाव भोंगा उगाच नव्हतं ठेवलं.

काचेपलीकडे बाबा माईकसमोर उभे होते. सकाळपासून गाडी एकाच वाक्यावर अडली होती. हेराचा नवा सिनेमा, नवा नट, आणि हा हेर चक्क माफी मागत होता. त्याच्या चुकीमुळे जखमी झालेल्या एका शिकाऊ पोरीला म्हणत होता, "माझं चुकलं." दोनच शब्द. बाबांच्या तोंडून ते हुकूम सोडल्यासारखे बाहेर पडत होते.

आजवर हेराचे चेहरे बदलले, आवाज बाबांचाच राहिला. पहिला हेर बायकांना 'ए' म्हणून हाक मारायचा. दुसरा हेर माणसं मारून वर विनोद करायचा. तिसऱ्याला झोप लागायची नाही. तेवढ्यापर्यंत बाबांनी निभावून नेलं. या चौथ्याशी मात्र सूत जुळेना.

"हा दार उघडण्याआधी टकटक करतो," ते सकाळीच फणकारले होते. "हेर आहे की वरच्या मजल्यावरचा शेजारी?"

आता त्यांनी काचेतून डोळे वटारले. "कुणी शिकवलं तुला हे विचारायला?"

"कुणी नाही. ऐकू आलं."

"आत्ता नको," आई पुटपुटली. या सिनेमाचं डबिंग तीच करून घेत होती. समोरच्या कागदांवरून तिने मान वर केली नाही. भोंग्यानेही बटणावरचं बोट काढलं नाही.

"तेव्हा तसंच काम चालायचं!" बाबांचा आवाज स्पीकरमधून खोलीभर घुमला. "दोघं एकाच माईकवर. हिची किंचाळी म्हणजे झुरळ दिसल्यासारखी. किती वेळा करायचं तेच तेच? दिली एक ठेवून. टेक ओके! लोक अजून नाव काढतात त्या सीनचं. विचार तिला."

भोंगा आईकडे वळली. "लागलं होतं?"

आई पेन्सिल फिरवत राहिली. "कानात शिट्टी वाजायची. लग्नात बँड होता, त्यातही ऐकू येत होती."

रेकॉर्डिस्टकाकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला.

"आणि तरी तू यांच्याशी लग्न केलंस?"

"टेक चांगला आला होता ना," आई म्हणाली.

"पुरे!" बाबा गरजले. "माझ्या आवाजावर हा स्टुडिओ उभा राहिला. आणि ही शेंबडी मला शिकवणार!"

"शिकवत नाहीये, विचारतेय. मारायच्या आधी आईला विचारलं होतं?"

"विचारून मारल्यावर किंचाळी कशी येईल, बावळट?"

"म्हणजे नव्हतं विचारलं."

बाबा काचेतून आईकडे पाहत राहिले. खांदे उतरले. अर्धं पाऊल पुढे आले, आणि अगदी हळू, अडखळत म्हणाले,

"माझं चुकलं."

आई खुर्चीतून उठली. काचेपाशी जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं आईचा हा चेहरा कुठं होता, भोंग्याला कळेना. तिचे स्वतःचे डोळे भरून आले. पैजबिज ती पार विसरली.

"पकडलं ना?" बाबांनी काचेतून रेकॉर्डिस्टकाकांना खूण केली. आवाज पुन्हा ठणठणीत. "हाच टेक ठेवा. बघितलंस भोंग्या? आतून यावं लागतं, ते असं!"

रेकॉर्डिस्टकाका आईकडे बघायला लागले. आई क्षणभर तिथेच उभी राहिली, मग येऊन बसली. कागदावर बरोबरची खूण केली.

"ओके," ती म्हणाली. "पुढची ओळ."

पुढची ओळ भोंग्याची होती. त्या शिकाऊ पोरीला आवाज द्यायलाच तर तिला आणलं होतं, आणि शाळेत तिने त्याचा केवढा डंका पिटला होता. ती आत गेली. बाबांनी माईक तिच्या उंचीला आणला, पाठीवर थाप मारली आणि बाजूला झाले. पडद्यावर हेर मान खाली घालून उभा होता. कागदावर लिहिलं होतं, 'जाऊ द्या सर, मी विसरलेसुद्धा.'

चित्र सुरू झालं. भोंगा बोललीच नाही. चित्र पुढे निघून गेलं.

"काय झालं?" स्पीकरवरून आई.

"वाचा बसली वाटतं," शेजारून बाबा. "इतका वेळ तर चुरूचुरू चालली होती!"

"आई, बाबा, दोघंही ऐका." तिने कागद उलटा ठेवला. "तिच्या बाकीच्या सगळ्या ओळी मी म्हणेन. ही नाही म्हणणार."

"मग तिच्या तोंडी घालायचं काय?" बाबा ओरडले.

"काहीच नाही. या शॉटमध्ये ती पाठमोरी आहे. राहू दे तिला गप्प."