तिसऱ्या मजल्यावरची रिकामी खोली

"माझी आई अंधारात बसलीये आणि तुम्ही मला सिस्टिम समजावताय?"

साधनाचा आवाज अख्ख्या लॉबीत घुमला. अंगावर पिवळी साडी, गालांवर ओली हळद, आणि नवरी मुलगी काउंटरवर हात आपटत होती. पाहुणे माना वळवून बघत होते. बघू देत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

झालं होतं ते एवढंच. हळद लागली, फोटो सुरू झाले, आणि वरच्या खोलीतून आईचा फोन आला. दबक्या आवाजात ती म्हणाली, इथली लाईट आपोआप जाते, परत लागते, परत जाते. मी कशाला हात नाय लावला बाई. पडदेही बटणावरचे, ते तिला उघडता आले नव्हते. भर दुपारी ती काळोखात बसली होती. तुझं चालू दे, म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

गंगापूर धरणाच्या काठावरचं हे हॉटेल साधनाने हट्टाने निवडलं होतं. त्यातली सगळ्यात चांगली खोली तिने आईला दिली होती. वडील गेले तेव्हा ती दुसरीत होती. तेव्हापासून आईने, अंबूबाईने, मखमलाबादच्या मळ्यात एकटीने झेंडू आणि शेवंती पिकवली. पहाटे डोक्याला बॅटरी बांधून फुलं तोडायची आणि उजाडायच्या आत फुलबाजार गाठायचा. आज खालच्या हॉलमध्ये लटकणारा झेंडूही तिच्याच मळ्यातला होता. अशा बाईला निदान लेकीच्या लग्नात तरी उजेड मिळू नये? या भिकारड्या यंत्राने तेवढंही करू नये?

हॉटेलचे दिवे सांभाळणारा धम्मपाल हातात टॅब घेऊन आला. त्याने टॅबवरच तिसऱ्या मजल्यावरची ती खोली तपासली आणि सगळं ठीक दिसतंय म्हणाला. मग तर साधना आणखीच भडकली. लिफ्टमध्ये चढताना तिने त्याचा, त्याच्या मॅनेजरचा आणि हे दिवे बनवणाऱ्या कंपनीचा यथेच्छ उद्धार केला. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. खोलीच्या दाराशी आल्यावर मात्र तो हळूच बोलला.

"मॅडम, खरंच बिघाड नाहीये. छताला सेन्सर आहे. खोलीत बराच वेळ काही हललं नाही, की तो समजतो खोली रिकामी आहे. मग दिवे बंद होतात. माणसाने नुसतं उठून पाणी प्यायलं तरी परत लागतात."

"आई आत आहे. मघाशीच बोलले मी तिच्याशी."

"असतील ना. पण दुपारभरात सिस्टिमला तिथे एखाद-दोनदाच कोणी हललेलं दिसलंय."

साधना भांडायला सरसावली, आणि मग त्याच्या बोलण्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला. आई आणि न हलता? जेवताना चार वेळा उठणारी बाई ती. तापाने फणफणली तरी अंथरुणात बसून शेवंती निवडायची. तिने कधी धड बूड टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मग तिला आठवलं. पाटावर बसताना आपण विचारलं होतं, आई कुठेय. हळदीची सगळी सूत्रं लताकाकूंच्या हातात. त्या म्हणाल्या, "येतीय, तयार होतीय." तेवढ्यात गाणी सुरू झाली. पाच सवाष्णी वाटी घेऊन पुढे आल्या, आणि आपण हसत गाल पुढे केला. विधवेने हळदीला हात लावायचा नाही, ही रीत आपल्याला काय माहीत नव्हती? आपल्या लग्नात, एवढ्या मोठ्या हॉटेलात असलं काही कुणी करणार नाही, असं धरून आपण खुशाल बसलो. फोटोत आई नाही, हेही आपल्या ध्यानात आलं नाही. आणि मघापासून चाललं होतं ते म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

राग तसूभरही कमी झाला नव्हता. पण आता तो धम्मपालवर नव्हता. तिने त्याला हात जोडले आणि दार ढकललं.

दिवे झपकन लागले. अंबूबाई खुर्चीत ताठ बसली होती. लेकीने आणलेली रेशमी साडी, कोरी करकरीत. निऱ्या चुरगळू नयेत म्हणून पाय जुळवून घेतलेले, हात मांडीवर ठेवलेले. सवाष्णींचं आटपलं की बोलावते, असं लताकाकू सांगून गेल्या होत्या. तेव्हापासून ती तयार होऊन तशीच बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

एकदम उजेड आल्यामुळे डोळे मिचकावत तिने दाराकडे पाहिलं.

"झाली का गं हळद?"

साधनाच्या हनुवटीवरून पिवळा ओघळ गळ्यापर्यंत आला होता. तिने तो पुसला नाही.

"नाही," ती म्हणाली. "अजून कोणीच लावली नाहीये. ऊठ, खाली सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."