पट एक, हजर एक

"पोरीचं नाव काढायचं हाय, सर," आशाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

गोपीचंद सरांनी चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती, तरी पुसला. आशाबाई म्हणजे टेंभुरवाडीच्या सरपंच. पोरगी म्हणजे त्यांची नात आकांक्षा, तिसरीतली. आणि शाळेतली सगळी लेकरं म्हणजेही आकांक्षाच. पहिली ते चौथी, चारही वर्ग मिळून ती एकटी.

फळ्याच्या कोपऱ्यात तिनंच रोजच्यासारखं लिहिलं होतं: पट एक, हजर एक. शंभर टक्के हजेरी! आहे का जिल्ह्यात कुणाची? परिपाठाला तीच मॉनिटर आणि तीच रांग. स्वतःच "सावधान" म्हणायची, स्वतःच ताठ उभी राहायची. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीबाई तिच्या एकटीपुरती खिचडी टाकायच्या. पातेलं पन्नास लेकरांचं, खिचडी मूठभर. ती बुडालाच चिकटून बसायची. सरांना आधी या सगळ्याचं हसू यायचं, मग वाईट वाटायला लागलं. हल्ली काहीच वाटत नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी सर इथं आले, तेव्हा गावात सत्तर चुली पेटायच्या. आता बावीस. बाकीच्या दारांना कुलपं. कुणी वाळूजला कंपनीत, कुणी चाकणला. गेल्या दिवाळीनंतर रेवती आणि जान्हवी या बहिणीही गेल्या. जाताना दोघी पाया पडल्या. सरांनी एकेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाणाऱ्या प्रत्येक लेकराला म्हणायचे तेच म्हणाले, "जा, शाळेचं नाव काढ." आकांक्षा दाराशी उभी राहून बघत होती. त्या गेल्यावर तिनं फळ्यावरचा तीन पुसून एक केला होता.

सरांनी पहिला कागद उचलला. तो ग्रामसभेचा ठराव होता. महिन्यापूर्वी तालुक्यावरून पत्र आलं होतं, तीस सप्टेंबरला ज्या शाळेचा पट शून्य असेल त्या शाळेचं नाव यादीतून काढण्यात येईल. त्यावर गावानं ठराव केला, आमची शाळा बंद करू नये. सभेला अकरा माणसं जमली होती. अकराही जणांच्या सह्या, पहिली आशाबाईंची.

दुसरा कागद अर्ज होता. आकांक्षाचं नाव काढून दाखला मिळावा. खाली सही आशाबाईंचीच. तारीख एकोणतीस सप्टेंबर.

"कमाल झाली, आशाबाई. शाळा वाचवायचा ठरावबी तुमीच आणला अन् शेवटचं लेकरूबी तुमीच काढून राहिला?"

"ठराव सरपंचाचा हाय, सर. अर्ज आजीचा."

सर बोटानं टेबलावरची धूळ पुसत राहिले.

"दोन दिवस थांबा ना. तीस तारीख जाऊ द्या. पटावर एक नाव राहिलं तर शाळा राहील."

"दोन दिवसांत गावात काय लेकरं पैदा होतेत?" आशाबाई फटकन म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमची काई चूक न्हाई, सर. तुमी बराबर शिकवता. पर पोरगी एकटीच बोलून राहिली घरात. काल वसरीतल्या खांबावर राज्य दिलं तिनं. त्याला म्हनली, तू डोळे झाक, मी लपते. अन् गेली कडब्याआड. दिवे लागले तरी तिथंच बसून होती. मी हाका मारल्या तर म्हनते, आजी, तू गप बस, त्याला हुडकू दे."

सरांच्या मनात सांगायच्या पुष्कळ गोष्टी होत्या. गोरेगावच्या शाळेत जायचं तर रोज जीप, पावसाळ्यात ओढा, आठ वर्षांचं लेकरू. त्यांनी एकही सांगितली नाही. गोरेगावच्या वर्गात तीस पोरं आहेत, हे त्यांनाही माहीत होतं.

त्यांनी कपाटातून मोठं रजिस्टर काढलं. शाळा उघडल्यापासूनची सगळी नावं त्यात होती. आकांक्षा सहाशे तेरावी. तिच्यापुढं त्यांनी शेरा लिहिला, मग दाखला लिहायला घेतला. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचं कारण: इथं पेन जरा थांबलं. खांबाची गोष्ट त्या रकान्यात मावली नसती. 'पालकांची विनंती' असं लिहून त्यांनी शिक्का मारला. स्टॅम्प पॅड वाळलं होतं. पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा मारला, तेव्हा कुठं शाळेचं नाव उमटलं.

तोवर मॉनिटर उठली होती. नाव काढलं की फळा बदलायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं पुसलं आणि नीट अक्षरात लिहिलं: पट शून्य, हजर एक.

"चल गं माय, जीप निघंल," आशाबाई दाखला घडी घालत म्हणाल्या. त्यांनी फळ्याकडं बघितलं नाही.

आकांक्षा सरांच्या पाया पडली. सवयीनं सरांचा हात तिच्या डोक्यावर गेला. सवयीनंच वाक्य तोंडाशी आलं आणि तिथंच अडकलं. पोरगी वाकलेलीच राहिली, वाट बघत.

"सर, म्हना की."

"काय म्हणू?"

"रेवतीला म्हनले होते ते. शाळेचं नाव काढ म्हनून."

सरांनी रजिस्टर मिटलं.

"तुला न्हाई काढावं लागत, बाळा. ते आता तालुक्यावरून काढतेत."