सैल बूट

बसचा ड्रायव्हर लंगडत दुकानात शिरला आणि उजवा बूट काढून त्याने काउंटरवर ठेवला. "काका, अंगठ्यापाशी जरा सैल करून द्या. चावतोय. ब्रेक दाबला की ब्रह्मांड आठवतं."

बूट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने आत हात घालून चाचपलं. "दोन वर्षं वापरून लोण्यासारखा मऊ झालाय हा. आत्ताच कसा चावायला लागला? अंगठा दाखवा."

अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला होता.

"पहाटे एकाएकी ठणकायला लागला ना? अंगावरची चादरसुद्धा सहन होईना?"

ड्रायव्हरने पाय मागे घेतला. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. "मागच्या वेळी चार दिवसांत आपोआप गेलं होतं हो. डॉक्टरांनी गाडीवरून उतरवलं तर? तुम्ही आपला बूट सैल करा."

"नाही करणार. आधी रक्तातलं युरिक ॲसिड तपासून या."

"करून दिलात तर तुमचं काय जातंय?"

म्हाताऱ्याने काउंटरमागून आपला पाय पुढे काढला. बाजूने कापून रुंद केलेल्या बुटातून सांध्यांच्या गाठी बाहेर आल्या होत्या.

"माझा हा बूट मी अकरा वर्षं सैलच करत बसलो."