घरापासून किती लांब

"घरापासून किती लांब चालेल?" ओदेलूने विचारलं.

"बसने रोज जाऊन-येऊन करता येईल एवढं," मौनिका म्हणाली.

शेजारी बसलेल्या तिच्या आईने, स्वरूपाने, कपाळावर हात मारला. "ऐकलंस ओदेलू? एवढी चांगली रँक आणली आणि बाईसाहेब निघाल्या कुठे, तर जगत्यालला! तिथे आम्ही साड्या बदलून आणायला जातो."

तेलंगणातल्या कोरुट्ल्याच्या बसस्टँडसमोर ओदेलूचं नेट सेंटर. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की अख्ख्या गावाची पोरं त्याच्या दारात. प्रवेशपरीक्षेतली रँक, जात, शाखा, गाव, घरापासूनचं अंतर असं सगळं भरून बटण दाबलं की मिळण्यासारख्या कॉलेजांची नावं पडद्यावर येतात. हिरवं नाव म्हणजे नक्की, पिवळं म्हणजे बघू, लाल म्हणजे देवाला नारळ बोला. त्यातली हवी ती घ्यायची, आवडीच्या क्रमाने लावायची आणि सरकारी अर्जात भरायची. आज शेवटचा दिवस होता. एकदा क्रम पक्का झाला की ब्रह्मदेव आला तरी तो बदलत नाही.

मौनिकाच्या अटीत एकच नाव बसलं. जगत्याल. हिरवंगार.

"जरा बाकीचं बघ तरी, पोरी," असं म्हणत ओदेलूने तोंडातला मिरची भजीचा घास गिळला आणि अंतराची अट काढून टाकली. पान खालपर्यंत भरलं. हैदराबाद पिवळं, वरंगल हिरवं, आणि तेही कॉम्प्युटर शाखेत. मौनिका वरंगलवरच थांबली.

"मामा, तिथली लायब्ररी म्हणे रात्रभर उघडी असते. खरं का?"

"मला विचारतेस? मी दहावीला तीन वेळा बसलोय."

मौनिका हसली. मग म्हणाली, "असू दे. परत लावा अंतर."

"का पण?" स्वरूपा उसळली.

"का काय? नान्ना मस्कतला कमवायला, दोन वर्षांनी एकदा घरी येणार. तू दिवसभर मान खाली घालून विड्या वळणार. गेल्या वर्षी चक्कर येऊन पडलीस तेव्हा घरात कोण होतं?"

"उगाच काहीतरी. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"कोण होतं, ते सांग ना."

स्वरूपा नखातली तंबाखू कोरत बसली. आपल्यापायी पोरीचं वरंगल जाणार, हे तिला दिसत होतं आणि ते सहन होत नव्हतं. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"ओदेलू, ह्याच्यात जुनी रँक चालते का रे?"

"किती जुनी?"

"माझ्या लग्नाच्या आधीची."

ओदेलूला हसू आलं, पण तिने आकडा सांगितला. सहा हजार चारशे बारा. जराही आठवावं लागलं नाही.

"मुलगा की मुलगी?" ओदेलूने सवयीने विचारलं.

"मुलगी."

मौनिकाने वळून आईकडे पाहिलं. ओदेलूने हात पँटला पुसले आणि आकडा टाकला. वरपासून खालपर्यंत सगळं हिरवं आलं. हैदराबादसुद्धा.

"अय्यो, अक्का!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"अम्मा, तू परीक्षा दिली होतीस?" मौनिकाचा आवाज चढला. "कधी बोलली नाहीस ते!"

"बोलून काय चार विड्या जास्त झाल्या असत्या? ओदेलू, वरंगल आहे का त्यात?"

"आहे ना. हे काय."

स्वरूपाने त्या नावावर बोट ठेवलं. पडद्याला कुणी हात लावला की ओदेलू खेकसतो, पण आज त्याने ते बोट तिथेच राहू दिलं. तिला ते हवं होतं. अजूनही हवं होतं. ते बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

"अंतर भरायचं राहिलं, अक्का," ओदेलू म्हणाला. "घरापासून किती लांब चालेल?"

स्वरूपाने बोट काढून घेतलं.

"बसने रोज जाऊन-येऊन करता येईल एवढं," ती म्हणाली. "माझी आई एकटी होती."

ओदेलूने ते भरलं. सगळं पान गेलं. एकच नाव उरलं, जगत्याल.

"हे कॉलेज तेव्हा बांधलंसुद्धा नव्हतं," स्वरूपा म्हणाली.

मौनिका पडद्याकडे बघत राहिली. मग तिने ओढणीने नाक पुसलं.

"मामा, माझ्या अर्जात वरंगल पहिलं लावा. जगत्याल खाली. आणि अम्मा, रोज रात्री फोन करायचा. नाही केलास तर पहिली बस धरून परत येईन, सांगून ठेवते."

"करीन गं बाई."

ओदेलूने अर्ज भरला, क्रम दोनदा वाचून दाखवला आणि पक्का केला. मग तो आधीचं पान बंद करायला लागला.

"थांब," स्वरूपा म्हणाली. "माझं ते अंतर तेवढं काढतोस?"

त्याने काढलं. पान पुन्हा हिरवं झालं. स्वरूपा पुढे वाकली आणि पहिल्या नावापासून सावकाश वाचू लागली.

दारात खोळंबलेल्या पोरांनी कुरकुर सुरू केली. "ओ अण्णा, झालं ना त्यांचं? किती वेळ?"

"गप उभे राहा रे," ओदेलू खेकसला. "दिसत नाही, ॲडमिशन चाललीय!"