दोन मैल

हर्षला तांडेलनं रडारच्या पडद्यावरचं अंतर मोजायचं वर्तुळ वाढवत नेलं आणि एका बारीक ठिपक्यावर आणून टेकवलं. "दोन मैल, सर. होडी उलटलीय. दुर्बिणीतून तिला धरलेली माणसं दिसताहेत."

कप्तान रेग्यांनी घड्याळ पाहिलं. दुपारच्या आत जहाज बंदराला लागायचं होतं. "नोंदवहीत बारा मैल लिही. जवळचं कुणीतरी उचलेल त्यांना."

"जवळचे आपणच आहोत."

"तुला विचारलं नाही मी."

हर्षलाची कानशिलं तापली. अंतर बिनचूक मोजायला तिला याच माणसानं शिकवलं होतं. तिनं वहीत दोनच लिहिलं आणि रेडिओ उचलून आसपासच्या सगळ्या जहाजांना कळवलं, "होडी उलटलीय. आम्ही दोन मैलांवर आहोत, मदतीला वळतोय."

"तुझी नोकरी गेली म्हणून समज," रेगे दातओठ खात म्हणाले.

"जाऊ दे, सर. आधी जहाज वळवा."

आता सगळ्यांनी ऐकलं होतं. रेग्यांनी जहाज वळवायचा हुकूम सोडला. हर्षला मुद्दाम त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अंतर सांगत राहिली. अर्ध्या मैलावर तिनं पडदा सोडला आणि हलणारे हात मोजले. पाच जण होते.