धरणारे हात

रंगपंचमीची गेर, रंग उधळणारी मिरवणूक, बडा गणपतीच्या देवळावरून वळली आणि ढोल खिडकीशी आले. उषाने दोन्ही कान झाकले. तिचे वडील दौलतराव खाटेवरून उठायला गेले, अन् जागेवरच राहिले. दिवाळीत लकवा मारून गेला, तेव्हापासून उजवं अंग त्यांचं ऐकत नव्हतं. जीभही नाही.

एरवी रंगपंचमीला लेकीला सांभाळणं हे काम त्यांचंच. संस्थान गेलं, होळकरांची फौज मध्यभारत राज्याच्या फौजेत विरून गेली, तरी या जमादाराचं सावधान काही सुटलं नव्हतं. अंग हललं की शिस्त मोडली, एवढंच त्यांना ठाऊक. उषा पंचविशीची झाली तरी बोलत नव्हती, आणि गोंगाट झाला की झुलायला लागायची. मग ते मागून मिठी घालून तिचे हात छातीशी आवळून धरत. ती किंचाळायची, चावायची. गेर लांब गेली तरी किंचाळतच राहायची. पोर ढोलांना भिते, असं सगळं घर म्हणे. बापाच्या मायेवर बोट ठेवायची कुणाची टाप होती?

आज उषाची आई, जनाबाई, खाली दार लावायला गेली होती. पोरीला धरायला कोणीच नव्हतं. दौलतरावांचा जीव टांगणीला लागला. आता ही डोकं फोडून घेणार!

उषा भिंतीला पाठ लावून झुलू लागली. पुढे, मागे. मग कानांवरचे हात काढून मांड्यांवर थापा देऊ लागली, घशात एकच सूर धरून. ढोल वाढले तशा थापाही वाढल्या. हळूहळू तिचे खांदे सैल झाले. कपाळावरची आठी गेली. ती एकदाही किंचाळली नाही.

दौलतराव बघतच राहिले. इतकी वर्षं ती ढोलांपायी ओरडत नव्हती. त्यांच्या हातांपायी ओरडत होती. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तेवढ्यात गेरीतली दुसरी टोळी आली आणि जनाबाई धापा टाकत वर पोचली. झुलणारी लेक दिसताच तिने नवऱ्याचीच रीत उचलली. मागून मिठी घातली, हात आवळले. उषा किंचाळली.

‘सोड तिला,’ दौलतरावांना म्हणायचं होतं. तोंडातून नुसतं घोगरं ‘आं, आं’ निघालं. त्यांनी डावा हात खाटेवर आपटला. पुन्हा आपटला.

नवऱ्याचे ओले डोळे पाहून जनाबाईला गलबलून आलं.

“अहो, तुम्ही बिलकुल फिकर करू नका,” ती म्हणाली, “धरलंय मी तिला. तुम्ही धरायचात तस्संच, एकदम घट्ट.”